ऑप्टिप्लेक्समधे आय७ टाकायचाय? आधी डबा बघा, मग प्रोसेसर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. सांगलीत डीटीपीचं काम, कोरल आणि फोटोशॉप, फ्लेक्सच्या मोठ्या फायली, सीझनला लग्नाचे व्हिडिओ. मशीन सेकंडहँड घेतलेलं डेल ऑप्टिप्लेक्स ३०५०, तो बारका एसएफएफ डबा, आत आय३-६१००, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. मशीन रडतंय. दुकानदार म्हणाला आय७-८७०० टाका, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) सेमच आहे, ११५१, बसतोय की. तर टाकू का?

८७०० टाकू नका. तो बसेल, लिव्हर पण व्यवस्थित लागेल, आणि मशीन चालू होणार नाही.

मी कोल्हापुरात २००९ पासून हेच करतोय, कंपन्यांच्या ऑफिसांतून लॉटमधे निघालेले डबे घ्यायचे, साफ करायचे, सुधारायचे आणि विकायचे. आणि हा सॉकेटचा घोळ महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच. मागं इचलकरंजीचा एक पोरगा असंच मशीन घेऊन आला, फॅन फुल स्पीडनं ओरडतोय, पॉवर बटणाची लाइट पिवळी लुकलुकतेय, स्क्रीन काळी. त्यानं रॅम बदलून झालेली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलून झालेला, बोर्ड गेला म्हणून रडकुंडीला आलेला. मी कूलर काढला तर खाली आठव्या पिढीचा आय७ (८७०० मधला पहिला आकडा म्हणजे पिढी). जुना आय३ त्याच्या पिशवीतच होता कागदात गुंडाळून, तो लावला आणि डिस्प्ले आला, पाच मिनिटांचं काम. ज्यानं प्रोसेसर विकला त्यानं परत घेतला नाही, म्हणे चालू दिला होता, तुम्हीच जाळला.

आता हे असं का होतं. ११५१ ही फक्त सॉकेटमधल्या पिनांची संख्या आहे, बाकी त्यातून काही कळत नाही. सहावी पिढी २०१५ ला आली, सातवी जानेवारी २०१७ ला, या दोघी एकाच घरातल्या, १०० आणि २०० सिरीजच्या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप) चालतात. मग ऑक्टोबर २०१७ ला आठवी आली, आय७ मधे चारच्या जागी सहा कोर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात) झाले, त्यांना वीज जास्त लागणार म्हणून इंटेलनं पिना तेवढ्याच ठेवल्या पण त्यांची वाटणी बदलली. कोरना वीज देणाऱ्या पिना आधी १२८ होत्या त्या १४६ केल्या, आधी राखीव म्हणून रिकाम्या ठेवलेल्या पिना कामाला लावल्या, आणि ३०० सिरीजचाच चिपसेट लागेल असं ठरवून टाकलं. तुमच्या ३०५० मधे बी२५० चिपसेट आहे, म्हणजे सहावी आणि सातवी, पुढं दार बंद. प्लग बसला म्हणून गीझर चालत नाही, मागं वायर कुठली ओढलीय ते बघावं लागतं, तसलाच प्रकार. बायोसमधे (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) फेरफार करून, प्रोसेसरच्या काही पॅडवर टेप चिकटवून आठवी पिढी जुन्या बोर्डावर चालवणारे लोक आहेत, व्हिडिओ पण सापडतील, पण ते सुट्या बोर्डांचे उद्योग आहेत. डेलच्या बायोसवर तो नाद नको, धंद्याच्या मशीनवर तर नकोच नको.

दुसरा सापळा झिऑनचा. ई३-१२३० व्ही५ वगैरे झिऑन स्वस्तात दाखवतात, आय७ सारखेच आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत म्हणून सांगतात, आणि सॉकेट पुन्हा तेच ११५१. चौथ्या पिढीत, म्हणजे ११५० सॉकेटला, हा जुगाड मस्त चालायचा, मी स्वतः कितीतरी मशीनला व्ही३ झिऑन लावून दिलेत. व्ही५ पासून इंटेलनं ते बंद केलं, त्याला सी२३२ नाहीतर सी२३६ चिपसेट लागतो, तो सर्व्हर आणि वर्कस्टेशनच्या बोर्डावर असतो, तुमच्या नाही. शिवाय ई३-१२३० सारख्या झिऑनला आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड वेगळं लागणार. सोडून द्या.

तिसरं, 'के' वाले प्रोसेसर, ६७००के, ७७००के. हे ९१ वॅटचे आहेत. बी२५० वर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) होतच नाही, मग जास्त पैसे देऊन जास्त उष्णता विकत घ्यायची कशासाठी? तुमच्या डब्याला ६५ वॅटवर थांबायचं. डेलनं हाच डबा ६५ वॅटच्या आय५-७५०० सोबत विकलाय, त्यामुळे तिथपर्यंत कूलर आणि पॉवर सप्लाय दोन्हीचा हिशोब बसतो. (कुणाकडं ३०५० चा मायक्रो असेल, तो पुस्तकाएवढा छोटा, त्यांनी 'टी' वाले ३५ वॅटचेच बघायचे, त्याचा अडॅप्टरच ६५ वॅटचा असतो.)

म्हणजे तुमच्यासाठी उरले आय५-७५००, आय७-६७०० आणि आय७-७७००. वरची हद्द ७७००, चार कोर, आठ थ्रेड, ३.६ गिगाहर्ट्‌झ, टर्बोला (गरज पडली की आपोआप वाढणारा वेग) ४.२.

आता महत्त्वाचं. हा प्रोसेसर टाकून तुम्हाला मिळणार काय? तुमच्या आय३-६१०० ला टर्बो नाही पण तो कायम ३.७ वर पळतो. सहावी आणि सातवी पिढी आतून सारखीच, एका गिगाहर्ट्‌झमागं दोघींचं काम तेवढंच. म्हणजे जे काम एकाच कोरवर चालतं त्यात ७७०० तुम्हाला ४.२ भागिले ३.७ एवढाच फायदा देणार, तेरा-चौदा टक्के. आणि ७५०० ची टर्बो ३.८, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत, ते तर डोळ्याला दिसणारही नाही. कोरलमधे एखादा गुंतागुंतीचा व्हेक्टर ओढताना जे अडकतं ना, ते बरचसं एका कोरचं काम आहे, तिथं आय७ टाकून जादू होणार नाही. लोक चिडतात मग, एवढे पैसे घातले आणि फरकच नाही म्हणून. फरक पडतो तो व्हिडिओ एक्सपोर्टला, एकदम शंभर फोटोंची बॅच लावली तर, किंवा तीन-चार जड सॉफ्टवेअर एकत्र उघडी असतील तर, तिथं दोन कोरचे चार झाले की निम्म्या वेळात काम उरकतं.

आणि तुमची फ्लेक्सची फाइल घ्या. २० बाय १० फुटाचा बॅनर, ७२ डीपीआय ला धरला तरी १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल झाले, म्हणजे जवळजवळ १५ कोटी पिक्सेल, सीएमवायके म्हणजे प्रत्येकी ४ बाइट. पूर्ण भरलेला एक लेअर ६०० एमबीच्या आसपास जातो! नेते वाढले, शुभेच्छुकांचे फोटो वाढले, दहा लेअर झाले की ८ जीबी रॅम संपली, आणि फोटोशॉप मग स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेत, लिहायला लागतं, आणि तुमची स्क्रॅच डिस्क आहे ती फिरणारी हार्ड डिस्क. ते जे माउस हलतोय पण काही उमटत नाही, तो प्रोसेसरचा दोष नाहीच.

खात्री करायची असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि नेहमीचं सगळ्यात जड काम करून बघा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू ३०-४० वर खेळतोय असं दिसलं तर आय७ घेऊन तुम्ही फक्त जास्त वेगानं वाट बघाल. सीपीयू १०० ला चिकटून बसला असेल, त्याच्या चारही थ्रेडचे आलेख वर, आणि डिस्क निवांत, तरच प्रोसेसरला हात घाला. मी गिऱ्हाईकाला आधी हेच करायला लावतो आणि दहातले सात जण प्रोसेसर न घेता जातात, धंदा बुडतो माझा पण शिव्या खाव्या लागत नाहीत.

म्हणून तुमच्या केसमधे मी आधी साधी साटा एसएसडी लावेन, विंडोज आणि स्क्रॅच दोन्ही तिच्यावर, आणि रॅम १६ करेन, तीसुद्धा दुसरी ८ ची पट्टी लावून, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) पण होईल, तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्यामुळे त्याला याचा चांगला फायदा होतो. या बोर्डाला दोनच स्लॉट आहेत, डीडीआर४, ३२ पर्यंत जातं. हे दोन केल्यावर महिनाभर वापरा. तरी सीझनला एक्सपोर्ट रात्रभर चालत असेल तर मग आय७.

आणि त्याआधी अजून एक कडू गोष्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्ट आठव्या पिढीपासून पुढचेच इंटेल धरतं, ७७०० त्यात बसत नाही. आडवाटेनं टाकता येतं, चालतं पण, पण मोठं अपडेट आलं की दरवेळी तोच खेळ. म्हणजे तुम्ही ज्या प्रोसेसरवर पैसे घालताय तो या डब्याचा शेवटचा आहे आणि पुढं रस्ता नाही. याच मशीनचा धाकटा भाऊ ३०६०, त्यात आय५-८५०० येतो, सहा कोर, एक्सपोर्टला तो ७७०० ला मागं टाकतो, आणि विंडोज ११ अधिकृत. माझा साधा नियम आहे, आय७ ची किंमत तुम्ही पूर्ण मशीनला दिलेल्या पैशाच्या निम्म्यावर गेली की प्रोसेसर घेऊ नका, आहे ते मशीन विकून पुढचं मशीन घ्या. दुकानदाराला ८७०० च विकायचा असेल तर त्याला म्हणावं बोर्डासकट अख्खं मशीन दे.

एवढं सगळं ऐकून पण टाकायचाच असेल तर ६७०० की ७७००? मोबाइलवरून येणारे नवे १०-बिट एचइव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) व्हिडिओ ७७०० मधलं एचडी ६३० ग्राफिक्स हार्डवेअरमधे उघडतं, ६७०० ला ते नीट जमत नाही, म्हणून व्हिडिओवाल्यानं ७७०० घ्यावा. फक्त एक अपवाद. तुमच्यात अजून कुणी श्रीलिपीच्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या डोंगलसाठी विंडोज ७ धरून बसलेलं असेल तर त्यांनी ६७०० वर थांबा, सातव्या पिढीला विंडोज ७ चा अधिकृत आधारच नाही, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपासून मारामारी सुरू होते. आणि ज्यांच्याकडं ३०५० नसून आधीचा ३०४० किंवा ७०४० आहे त्यांनी पण ६७०० च घ्यावा. १०० सिरीजच्या चिपसेटला सातवी पिढी तत्त्वतः चालते, पण प्रोसेसर ओळखायचं काम बायोस करतो, आणि ब्रँडेड डब्याचा बायोस ज्याचा त्यानं जेवढा उघडला तेवढाच, सुट्या बोर्डासारखी भलीमोठी सपोर्ट लिस्ट इथं नसते.

विकत घेताना प्रोसेसरच्या झाकणावरचा कोड वाचा. ७७०० वर एसआर३३८ असतं, ६७०० वर बऱ्याचदा एसआर२एल२. वरची अक्षरं घासून नवीन छापलेला माल बाजारात फिरतो, झाकणावर बारीक रेघा किंवा अक्षरं जरा जास्तच ठळक वाटली तर संशय घ्या. इंटेल कॉन्फिडेन्शियल असं लिहिलेला तुकडा तर हातात पण धरू नका, तो चाचणीचा नमुना असतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर समोर चालवून दाखवा म्हणा, सीपीयू-झेड उघडून नाव, कोर, थ्रेड बघा, आणि बिलावर निदान आठवडाभराची टेस्टिंग वॉरंटी लिहून घ्या, तोंडी नको.

बसवायच्या आधी जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करून घ्या. मागच्या सर्व्हिस टॅगचा नंबर डेलच्या साइटवर टाकला की नेमकी फाइल मिळते, पेनड्राइव्हवर घेऊन एफ१२ च्या मेनूतून बायोस फ्लॅश अपडेटला जायचं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर सकाळी ४८ आकडे मागणारी निळी स्क्रीन आणि दारात नवरदेवाचा बाप, असं व्हायला नको. लाइट जायच्या वेळेत हे करू नका, यूपीएस नसेल तर दुसऱ्याकडून आणा.

आता प्रत्यक्ष उघडायचं. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, प्रोसेसर आणि कूलरमधली सात-आठ वर्षांची जुनी पेस्ट चुन्यासारखी वाळलेली असते, गरम असली की कूलर सुटायला सोपा जातो. मग बंद, केबल काढा, पॉवर बटण दोन-चार वेळा दाबून उरलेली वीज काढा. कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे, एकदम एक पूर्ण नाही. फॅनची वायर आधी काढा, घाईत तीच तुटते. कूलर उचलताना जरा डावीउजवीकडं फिरवून मग वर. इंटेलचा प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीत दाबलेला असतो म्हणून सोबत उपटून येत नाही, एएमडीच्या एएम४ डब्यांत मात्र येतो आणि पिना वाकतात, एकदा माझ्या हातून झालंय आणि ती पिन सरळ करायला गिऱ्हाईकासमोर पाऊण तास घाम गाळला, तेव्हापासून मी बोलता बोलता कूलर काढत नाही.

लिव्हर वर घ्या, चौकट उघडा, जुना प्रोसेसर कडेला धरून सरळ वर उचला. आता खाली ज्या दिसतात त्या ११५१ पिना केसासारख्या आहेत. त्यांच्यावर बोट नाही, कापड नाही, फुंकर पण नको, थुंकीचा थेंब जातो. नवीन प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, कडेच्या दोन खाचा बघायच्या, आणि ठेवून द्यायचा, दाबायचा नाही. नीट बसला तर हलवून पण हलत नाही. मग चौकट, मग लिव्हर. लिव्हर खाली नेताना कर्रकर्र असा आवाज येतो आणि बराच जोर लागतो, पहिल्यांदा करणारा इथं घाबरून थांबतो. तो आवाज तसाच असतो, दाबा पूर्ण.

कूलरच्या तळावरची जुनी पेस्ट आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नं पुसा, मोबाइल रिपेअरवाल्याकडं मिळतं, नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. नवीन पेस्ट मधोमध, भिजलेल्या मोठ्या साबुदाण्याएवढी, पसरायची नाही, कूलर बसला की आपोआप पसरते. आणि उघडलंच आहे तर कूलरच्या पट्ट्यांमधली धूळ काढा, तिथं गोधडीसारखा थर असतो. फॅनला बोटानं धरून ब्लोअर मारा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन अर्धा-एक मिनिट काळी राहू शकते, एकदा आपोआप बंद होऊन परत चालू होऊ शकतं, थांबा जरा. दोन मिनिटं झाली तरी काही नाही आणि पिवळी लाइट लुकलुकतेय तर ती किती वेळा लुकलुकते ते मोजा, मधे थांबून परत किती ते पण, त्या आकड्याचा अर्थ डेलच्या मॅन्युअलमधे दिलेला असतो. बहुतेक वेळा रॅमची पट्टी ढिली झालेली असते, हात लागून. चालू झालं की एफ२ नं आत जाऊन प्रोसेसरचं नाव बघा. विंडोजचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, प्रोसेसर बदलल्यावर सहसा काही मागत नाही.

मग तापमान. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं) दहा मिनिटं लावा. ७७०० चा स्वभावच तापट, एकदम २० अंशांची उडी मारून परत खाली येतो, त्याला घाबरू नका. सलग लोडला ८०-८५ पर्यंत राहिला तर मी पास करतो, १०० ला तो स्वतःच वेग कमी करायला लागतो आणि मग ७५०० आणि ७७०० त फारसा फरक राहत नाही. ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमधे करून बघा, डिसेंबरातल्या सकाळी सगळेच पास होतात. फॅनचा आवाज आय३ पेक्षा वाढणार, तेवढं धरून चाला.

पॉवर सप्लाय तुमच्या एसएफएफ मधे १८० वॅटचा आहे. नुसत्या आय७ ला पुरतो. पण उद्या ७५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड पण टाकलं तर ६५ आणि ७५ झाले १४०, वर बोर्ड, डिस्क, रॅम, यूएसबी, आणि टर्बोला प्रोसेसर काही सेकंद ८० पर्यंत उडी मारतो, म्हणजे काठावर. आणि हा आठ वर्षं चाललेला सप्लाय आहे. ३० वॅटचं जीटी १०३० लावायला हरकत नाही, त्याच्या वर जायचं असेल तर एसएफएफ डब्यात नको.

जुना आय३ लगेच विकू नका. महिनाभर ठेवा, नवीन आलेल्या प्लास्टिकच्या खोक्यातच, सोनेरी बाजूला बोट न लावता. काही अडलं तर प्रोसेसर खराब की बोर्ड हे ओळखायला तोच कामाला येतो. आणि टास्क मॅनेजरचा फोटो पाठवा आधी, जड फाइल उघडी असतानाचा, सीपीयूचे चारही आलेख दिसतील असा.